शांततेचा तह आणि नेतृत्वाचा वाद : राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या प्रयत्नांचा आढावा

परक्या देशांतील युद्ध मिटविण्यासाठी एखादा राष्ट्राध्यक्ष पुढाकार घेतो, तेव्हा त्याच्याविषयी दोन प्रकारची मते हमखास ऐकू येतात. काहींना तो शांतीचा अग्रदूत वाटतो, तर काहींना स्वतःचा मोठेपणा मिरविणारा नेता. वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून अशी चर्चा आजही रंगते. आपण भाविकही ती ऐकतो आणि आपापल्या आवडीनिवडीनुसार बाजू घेतो. परंतु नेत्याचा हेतू शुद्ध आहे काय, या एका प्रश्नाने सारे ठरते काय? हेतू उदात्त असूनही शांतता हातातून निसटू शकते काय? या प्रश्नांचा शांतपणे विचार करावयाचा, तर १९१९ सालच्या पॅरिस शांतता परिषदेकडे आणि तिच्या प्रमुख नेत्यांपैकी एक असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्याकडे वळणे उपयुक्त ठरेल. या परिषदेशी पोप पंधरावे बेनेडिक्ट, लोकमान्य टिळक आणि मुंबई-पुण्याच्या मिशनकार्याचाही संबंध आलेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्या परिषदेभोवती उठलेल्या मतभेदांचा क्रमाने परामर्श घेत आहोत.

दोन शांतता-प्रस्ताव

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात जाकोमो देल्ला कियेसा यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी बेनेडिक्ट हे नाव धारण केले. युद्धाच्या दोन्ही बाजूंना कॅथलिक सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. त्यामुळे पोप महोदयांनी कोणत्याही एका पक्षाची बाजू घेण्याचे नाकारले. याचा परिणाम असा झाला की, फ्रान्समध्ये त्यांना जर्मनधार्जिणे म्हटले गेले, तर जर्मनीत ते फ्रान्सचे पक्षपाती ठरले.

१ ऑगस्ट १९१७ रोजी पोप महोदयांनी युद्ध करणाऱ्या सर्व राष्ट्रप्रमुखांना एक शांतता-पत्र पाठविले. या युद्धाला त्यांनी निरर्थक कत्तल असे संबोधिले आणि केवळ आवाहन करून न थांबता ठोस सूचना केल्या. शस्त्रबळाऐवजी कायद्याच्या नैतिक बळाला स्थान द्यावे, सर्वांनी एकाच वेळी शस्त्रकपात करावी, राष्ट्रांतील तंटे लवादाने सोडवावेत, समुद्रमार्ग सर्वांना मोकळे असावेत, परस्परांकडून युद्धाची भरपाई मागू नये, बेल्जियमसह व्यापलेले सर्व प्रदेश परत करावेत आणि वादग्रस्त प्रदेशांचा निर्णय तेथील लोकांच्या आकांक्षा लक्षात घेऊन व्हावा, असे त्या सूचनांचे स्वरूप होते.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन हे एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे चिरंजीव, स्वतः नेमाने प्रार्थना करणारे आणि राजकारणात येण्यापूर्वी प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख राहिलेले विद्वान गृहस्थ होते. २७ ऑगस्ट १९१७ च्या आपल्या उत्तरात त्यांनी पोप महोदयांच्या कळकळीचा आदर केला; मात्र जर्मनीच्या तत्कालीन राज्यकर्त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, असे सांगून प्रस्ताव नाकारला.

त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांनी, ८ जानेवारी १९१८ रोजी, विल्सन यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे आपली प्रसिद्ध चौदा कलमे मांडली. शस्त्रकपात, समुद्रमार्गांचे स्वातंत्र्य, बेल्जियमची मुक्तता, लोकांच्या इच्छेचा मान राखणाऱ्या सीमा आणि शेवटी राष्ट्रांचा एक सर्वसाधारण संघ, हे त्यातील मुख्य मुद्दे होत. पोप महोदयांच्या पत्राशी त्यांचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. उद्दिष्टांच्या बाबतीत रोम आणि वॉशिंग्टन परस्परांच्या बरेच जवळ होते. मतभेद होता तो शांतता विजयाआधी आणावयाची की विजयानंतर आणि ती आणण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी.

पोपपीठाला तर परिषदेत जागाच मिळणार नव्हती. २६ एप्रिल १९१५ च्या लंडनच्या गुप्त करारात इटलीने असे कलम घालून घेतले होते की, शांततेच्या वाटाघाटींत पोपपीठाचा प्रतिनिधी येऊ नये, या आपल्या भूमिकेला मित्रराष्ट्रांनी पाठिंबा द्यावा. रोम शहराच्या ताब्यावरून इटली आणि पोपपीठ यांच्यातील वाद त्या वेळी मिटलेला नव्हता. तो पुढे १९२९ साली मिटला. त्यामुळे शांततेविषयी सर्वांत आधी ठोस प्रस्ताव मांडणाऱ्यांपैकी एक असलेले पोप महोदय परिषदेबाहेरच राहिले. ४ जानेवारी १९१९ रोजी विल्सन यांनी व्हॅटिकनमध्ये जाऊन त्यांची भेट घेतली. पदावर असताना पोपना भेटणारे ते पहिलेच अमेरिकन राष्ट्राध्यक्ष होत.

पहिला मतभेद : राष्ट्राध्यक्षांनी स्वतः जावे काय?

११ नोव्हेंबर १९१८ रोजी शस्त्रसंधी झाली. पॅरिसला आपण स्वतः जाणार, असे विल्सन यांनी जाहीर करताच अमेरिकेत वादाला तोंड फुटले. तोवर कोणताही अमेरिकन राष्ट्राध्यक्ष पदावर असताना युरोपला गेला नव्हता. विशेष म्हणजे विरोध करणाऱ्यांत खुद्द त्यांचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग हेही होते. लॅन्सिंग यांचे म्हणणे असे की, वॉशिंग्टनमध्ये राहून विल्सन जगाला दिशा देऊ शकतील. पण एकदा टेबलाशी जाऊन बसले की, ते इतर पंतप्रधानांसारखेच एक घासाघीस करणारे प्रतिनिधी ठरतील. शिवाय दूर असलेल्या नेत्याला विचारासाठी वेळ मागता येतो. समोर बसलेल्याला तेथल्या तेथे होय किंवा नाही म्हणावे लागते.

विल्सन यांच्या समर्थकांची बाजूही दुबळी नव्हती. युरोपच्या मुत्सद्द्यांनी युद्धकाळात गुप्त करार करून प्रदेशांची वाटणी आधीच ठरविली होती. त्यांच्यासमोर एखादा दुय्यम प्रतिनिधी उभा राहिला असता, तर राष्ट्रसंघाची कल्पना पहिल्याच आठवड्यात बाजूला पडली असती, असे त्यांना वाटे. ४ डिसेंबर १९१८ रोजी विल्सन ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या जहाजाने निघाले. पॅरिस, लंडन आणि रोममध्ये लोटलेल्या अफाट गर्दीने त्यांचे स्वागत केले. या गर्दीमुळे युरोपातील जनता आपल्या पाठीशी आहे, हा त्यांचा समज दृढ झाला. निवडून आलेल्या सरकारांचे मत मात्र रस्त्यावरील जयघोषाहून वेगळे होते, हे त्यांना लवकरच कळावयाचे होते.

दुसरा मतभेद : सोबत कोणाला न्यावे?

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी तह करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे. परंतु उपस्थित सिनेटरांपैकी दोन तृतीयांश सदस्यांनी संमती दिल्याखेरीज तो तह अमलात येत नाही. म्हणजे वाटाघाट एका हाती असली, तरी तिची किल्ली दुसऱ्याही हाती आहे.

ऑक्टोबर १९१८ मध्ये विल्सन यांनी मतदारांना जाहीर आवाहन केले की, माझे नेतृत्व तुम्हाला मान्य असेल, तर काँग्रेसमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला बहुमत द्या. युद्धात दोन्ही पक्षांच्या घरांतील मुले लढत असताना केलेले हे पक्षीय आवाहन अनेकांना खटकले. ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने दोन्ही सभागृहांत बहुमत मिळविले. सिनेटमध्ये ते ४९ विरुद्ध ४७ असे निसटते होते. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लगोलग म्हटले की, आता अमेरिकन जनतेच्या वतीने बोलण्याचा अधिकार विल्सन यांना उरलेला नाही. सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद हेन्री कॅबट लॉज यांच्याकडे जाणार, हेही निश्चित झाले. लॉज आणि विल्सन यांचे वैर सर्वश्रुत होते.

अशा स्थितीत विल्सन यांनी जे शिष्टमंडळ निवडले, त्यात ते स्वतः, लॅन्सिंग, त्यांचे विश्वासू सल्लागार एडवर्ड हाउस, जनरल टास्कर ब्लिस आणि निवृत्त मुत्सद्दी हेन्री व्हाइट असे पाच जण होते. व्हाइट हे रिपब्लिकन असले, तरी पक्षात त्यांचे वजन नव्हते. सिनेटमधील एकाही सदस्याला विल्सन यांनी सोबत घेतले नाही. वीस वर्षांपूर्वी, १८९८ साली, स्पेनशी तह करताना राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी तीन सिनेटर पाठविले होते आणि त्यांच्यापैकी एक विरोधी पक्षाचा होता. तो पायंडा विल्सन यांनी सोडला. ज्यांना शेवटी सही मागावयाची, त्यांना आरंभी विचारले नाही, हा आक्षेप पुढे दीड वर्ष विल्सन यांचा पाठलाग करीत राहिला.

तिसरा मतभेद : पॅरिसमधील तडजोडी

परिषद १८ जानेवारी १९१९ रोजी सुरू झाली. महत्त्वाचे निर्णय चौघांच्या हाती होते : अमेरिकेचे विल्सन, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज, फ्रान्सचे क्लेमांसो आणि इटलीचे ऑर्लांडो. चौदा कलमांतील पहिलेच कलम उघड वाटाघाटींचे होते. प्रत्यक्षात या चौघांच्या बैठका बंद दाराआड होत. वार्ताहर आणि लहान राष्ट्रांचे प्रतिनिधी ताटकळत बाहेर बसत. त्यावरून विल्सन यांच्यावर आपलाच शब्द मोडल्याचा आरोप झाला.

१४ फेब्रुवारी रोजी विल्सन यांनी राष्ट्रसंघाच्या सनदेचा मसुदा परिषदेपुढे वाचला आणि ते काही दिवसांसाठी मायदेशी परतले. ४ मार्च रोजी लॉज यांनी सिनेटमध्ये एक निवेदन वाचून दाखविले. हा मसुदा आहे त्या स्वरूपात आम्हाला मान्य नाही, असे त्यात म्हटले होते आणि त्याखाली विद्यमान व नवनिर्वाचित मिळून ३९ सिनेटरांची नावे होती. ९६ सदस्यांच्या सिनेटमध्ये तह अडविण्यास ३३ मते पुरेशी होती. विल्सन पॅरिसला परतले आणि त्यांनी सनदेत काही दुरुस्त्या करून घेतल्या : सदस्य राष्ट्राला संघ सोडण्याची मुभा, अंतर्गत बाबींना वगळणे आणि अमेरिका खंडाविषयीच्या मन्रो सिद्धांताला मान्यता. पण या दुरुस्त्यांसाठी त्यांना मित्रराष्ट्रांकडे हात पसरावा लागला आणि त्या बदल्यात इतर बाबतींत नमते घ्यावे लागले.

जर्मनीवर युद्धाची जबाबदारी आणि प्रचंड भरपाई लादली गेली. एप्रिलमध्ये जपानने सर्व वंशांच्या समानतेचे तत्त्व सनदेत घालण्याची सूचना मांडली. १७ पैकी ११ मते तिच्या बाजूने पडली, तरीही निर्णय एकमताने झाला नाही, असे सांगून अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी ती फेटाळली. चीनमधील शांतुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला देण्यात आले. त्याविरुद्ध ४ मे १९१९ रोजी बीजिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चीनने तहावर सही करण्यास नकार दिला. फिउमे बंदराच्या प्रश्नावर विल्सन यांनी इटलीच्या पंतप्रधानांना डावलून थेट इटालियन जनतेला आवाहन केले, तेव्हा ऑर्लांडो परिषद सोडून रोमला निघून गेले. अमेरिकेतील आयरिश वंशाचे लोक, ज्यांत बहुसंख्य कॅथलिक होते, आयर्लंडचा प्रश्न विल्सन यांनी परिषदेत मांडला नाही म्हणून दुखावले गेले. हे लोक एरवी त्यांच्याच पक्षाचे मतदार होते.

येथे विल्सन यांचा बचाव समजून घेतला पाहिजे. तहात अन्याय राहिले, हे त्यांना दिसत होते. परंतु राष्ट्रसंघ एकदा उभा राहिला की, हे अन्याय कालांतराने तोच दुरुस्त करील, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून संघ वाचविण्यासाठी त्यांनी इतर अनेक गोष्टी सोडून दिल्या. ब्रिटिश शिष्टमंडळातील अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांना ही किंमत अवाजवी वाटली. त्यांनी राजीनामा दिला आणि १९१९ च्या अखेरीस तहावर घणाघाती टीका करणारे पुस्तक प्रसिद्ध केले.

चौथा मतभेद : दहावे कलम

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात तहावर सह्या झाल्या. १० जुलै रोजी विल्सन यांनी तो स्वतः सिनेटपुढे ठेवला. आता वाद एका कलमाभोवती केंद्रित झाला. राष्ट्रसंघाच्या सनदेतील दहाव्या कलमानुसार प्रत्येक सदस्य राष्ट्राने इतर सदस्यांच्या भूमीचे आणि स्वातंत्र्याचे बाह्य आक्रमणापासून रक्षण करण्याची हमी द्यावयाची होती. विल्सन यांच्या मते हे कलम म्हणजे संघाचा प्राण होता. लॉज यांचा प्रश्न साधा होता : अमेरिकन राज्यघटनेने युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे; मग आमचे सैनिक कोठे पाठवावयाचे, हे एका आंतरराष्ट्रीय मंडळाने का ठरवावे?

सिनेटमध्ये ढोबळमानाने तीन गट होते. विल्सन यांचे निष्ठावंत डेमोक्रॅट तह जसाच्या तसा मंजूर करावा, या मताचे होते. विल्यम बोरा, हायरम जॉन्सन यांच्यासारखे सुमारे सोळा जण कोणत्याही स्वरूपातील राष्ट्रसंघाच्या विरोधात होते. या दोहोंच्या मध्ये राखीव अटी घालून तह स्वीकारण्यास तयार असलेला मोठा गट होता. लॉज यांनी अशा चौदा अटी तयार केल्या. प्रत्येक प्रसंगी काँग्रेसने ठराव केल्याशिवाय दहाव्या कलमाचे कोणतेही बंधन अमेरिकेवर राहणार नाही, ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची अट होती.

सौम्य अटी स्वीकारून मधल्या गटाला जवळ करा, असे विल्सन यांना अनेकांनी सुचविले. त्यांनी लोकांकडेच दाद मागण्याचे ठरविले. सप्टेंबर १९१९ मध्ये ते आगगाडीने देशाच्या दौऱ्यावर निघाले. बावीस दिवसांत सुमारे तेरा हजार किलोमीटरचा प्रवास आणि चाळीसच्या आसपास भाषणे त्यांनी केली. प्रकृती आधीच ढासळलेली होती. २५ सप्टेंबर रोजी कोलोराडोमधील प्वेब्लो येथील भाषणानंतर ते कोसळले. दौरा रद्द झाला. २ ऑक्टोबर रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची डावी बाजू निकामी झाली.

बंद खोलीतील राष्ट्राध्यक्ष

यानंतर जे घडले, ते लोकशाहीच्या दृष्टीने अधिक चिंताजनक होते. त्यांच्या पत्नी इडिथ आणि डॉक्टर केरी ग्रेसन यांनी आजाराचे खरे स्वरूप जनतेपासून आणि मंत्रिमंडळापासूनही लपविले. कोणते कागद राष्ट्राध्यक्षांपुढे जावयाचे आणि कोणते नाही, हे श्रीमती विल्सन ठरवू लागल्या. मंत्रिमंडळाच्या बैठका बोलाविणाऱ्या लॅन्सिंग यांना फेब्रुवारी १९२० मध्ये राजीनामा द्यावा लागला. ब्रिटनने वाटाघाटींसाठी पाठविलेले माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे काही महिने थांबून भेटीविनाच परतले. त्यांनी जानेवारी १९२० च्या अखेरीस लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात जाहीरपणे लिहिले की, अटींसह का होईना, अमेरिकेने संघात यावे. म्हणजे ज्या मित्रराष्ट्रांना अटी चालणार नाहीत, असे विल्सन म्हणत होते, त्यांच्यातीलच एक वजनदार मुत्सद्दी त्या स्वीकारण्यास तयार होता.

१९ नोव्हेंबर १९१९ रोजी सिनेटमध्ये मतदान झाले. विल्सन यांनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना अटींसहित ठरावाविरुद्ध मत देण्यास कळविले होते. अटींसह तह ३९ विरुद्ध ५५ मतांनी नामंजूर झाला. अटींविना तो ३८ विरुद्ध ५३ मतांनी पडला. लोकांच्या आग्रहावरून १९ मार्च १९२० रोजी पुन्हा मतदान घेण्यात आले. या वेळी विल्सन यांची सूचना न जुमानता २१ डेमोक्रॅट सदस्यांनी अटींसहित तहाला मत दिले. निकाल ४९ विरुद्ध ३५ असा लागला. बहुमत मिळाले, परंतु दोन तृतीयांशाला सात मते कमी पडली. तहाविरुद्ध मत देणाऱ्या पस्तीस जणांत तेवीस डेमोक्रॅट होते, ज्यांनी केवळ आपल्या नेत्याच्या इच्छेखातर त्याच नेत्याच्या स्वप्नाला नकार दिला.

अमेरिका राष्ट्रसंघात कधीच सामील झाली नाही. जर्मनीशी तिने १९२१ साली स्वतंत्र तह केला. विल्सन यांना १९१९ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक डिसेंबर १९२० मध्ये जाहीर झाले. तोवर त्यांच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत दारुण पराभव झालेला होता.

आपल्या भूमीशी असलेला संबंध

हा सारा वाद दूरच्या देशांतला असला, तरी त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाविषयीची विल्सन यांची भाषणे भारतात मोठ्या आशेने वाचली गेली. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली येथील काँग्रेस अधिवेशनाने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळक, महात्मा गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचविली. टिळक त्या वेळी लंडनमध्येच होते. पण त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. त्यांनी भारताच्या स्वयंनिर्णयाची मागणी विल्सन आणि क्लेमांसो यांच्याकडे पत्राने पाठविली. विल्सन यांच्या चिटणिसाकडून, योग्य वेळी योग्य अधिकारी या प्रश्नाचा विचार करतील, अशा आशयाचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. परिषदेत भारताच्या नावाने बसले ते भारतमंत्री एडविन माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. ज्यांच्या वतीने शांतता होत आहे, त्यांना बोलू न देण्याचा हा प्रकार आपल्या लोकांनी अशा रीतीने जवळून अनुभवला.

दुसरा संबंध मिशनकार्याचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबई-पुणे परिसरातील मिशनची धुरा जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी वाहिली होती. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांनीच १८६९ साली स्थापन केले. युद्ध सुरू होताच हे धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना स्थानबद्ध करण्यात आले, तर अनेकांना देश सोडावा लागला. १९१६ साली मुंबईचे आर्चबिशप हर्मन युर्गेन्स यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी आल्बन गुडियर या इंग्रज येशूसंघीयांची नेमणूक होईपर्यंत डिसेंबर १९१९ उजाडला. तीन वर्षे मुंबई महाधर्मप्रांताला आर्चबिशप नव्हते.

जर्मन मिशनांच्या मालमत्तेचे काय करावयाचे, हा प्रश्नही पॅरिसमध्ये आला. पोपपीठाला परिषदेत आसन नसले, तरी पोप महोदयांनी मोन्सिन्योर बोनाव्हेन्तुरा चेरेत्ती यांना पॅरिसला धाडले. परिषदेच्या बाहेर राहून त्यांनी मित्रराष्ट्रांच्या प्रतिनिधींच्या गाठीभेटी घेतल्या. तहाच्या ४३८ व्या कलमानुसार ही मालमत्ता भरपाईत जमा न होता मिशनकार्यासाठीच राहावी आणि त्याच धर्मपंथाच्या विश्वस्तांकडे सोपवावी, असे ठरले. विल्सन यांच्या मोठ्या दौऱ्यांची वार्ता जगभर गेली. चेरेत्ती यांच्या या शांत कामाची फारशी कोणी दखल घेतली नाही.

इतिहासाचा निवाडा

विल्सन यांच्या अपयशाचे माप कोणाच्या पदरात घालावयाचे, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. टॉमस बेली यांनी १९४५ साली लिहिलेल्या ग्रंथात अखेरच्या पराभवाची जबाबदारी मुख्यतः विल्सन यांच्या हटवादीपणावर टाकली. जॉन मिल्टन कूपर यांनी २००१ सालच्या आपल्या अभ्यासात आजाराला मोठे स्थान दिले. पक्षाघाताने विल्सन यांची तडजोडीची क्षमताच हिरावून घेतली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लॉज यांचा व्यक्तिद्वेषही विसरता येत नाही. तथापि, लॉज यांच्या मूळ शंकेत तथ्य होते. सैनिक पाठविण्याचा निर्णय लोकप्रतिनिधींच्या हाती असावा, ही मागणी शांततेच्या शत्रूची नव्हे, तर जबाबदार नागरिकाची होती. आम्हाला वाटते, विल्सन यांचे खरे अपयश येथे होते : ज्यांनी शंका विचारली, त्यांना त्यांनी ध्येयाचे वैरी मानले.

पुढच्या पिढीने यातून धडा घेतला. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार करण्यासाठी १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे परिषद भरली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तिच्यासाठी निवडलेल्या शिष्टमंडळात डेमोक्रॅटिक सिनेटर टॉम कॉनली आणि रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हॅन्डेनबर्ग हे दोघेही होते. परिषदेपूर्वीच रूझवेल्ट निवर्तले, तरी काम अडले नाही. २८ जुलै १९४५ रोजी सिनेटने ती सनद ८९ विरुद्ध २ मतांनी मंजूर केली. राष्ट्राध्यक्षांचे आजारपण आणि अधिकारांचे हस्तांतर यांविषयी स्पष्ट तरतूद करणारी पंचविसावी घटनादुरुस्तीही १९६७ साली झाली.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी २३ मे १९२० रोजी, म्हणजे सिनेटच्या दुसऱ्या मतदानानंतर दोनच महिन्यांनी, शांततेवर एक परिपत्रक प्रसिद्ध केले. तहावर सह्या झाल्या, तरी मनांत वैर धुमसत राहिले, तर शांतता टिकणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्यात त्यांनी राष्ट्रांच्या एकत्र येण्याच्या कल्पनेला पाठिंबा दिला. ज्या परिषदेने आपल्याला बाहेर ठेवले, तिच्याविषयी कटुता धरली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा राष्ट्राध्यक्ष परदेशातील युद्ध मिटविण्यासाठी निघाल्याची बातमी आपण वाचू, तेव्हा त्याचा जयजयकार किंवा धिक्कार करण्यापूर्वी काही प्रश्न विचारून पाहावेत. ज्यांच्या भूमीवर युद्ध चालू आहे, त्यांना त्या टेबलाशी जागा आहे काय? मायदेशातील विरोधकांना विश्वासात घेतले आहे काय? जे ठरले, ते लोकांपुढे उघडपणे मांडले जाणार आहे काय? आणि तो नेता उद्या पदावर नसला, तर ठरलेले टिकेल काय? १९१९ साली या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नव्हती आणि वीस वर्षांनी, १९३९ साली, युरोपातील त्याच रणभूमीवर पुन्हा तोफा धडाडल्या. शांततेसाठी प्रार्थना करताना नेत्यांना धैर्य मिळो, असे आपण मागतोच. दुसऱ्याचे ऐकून घेण्याची नम्रताही त्यांना लाभो, असे त्या मागणीत जोडावयास हवे.